कॉलमवाले देशमुखकाका

देशमुखकाका कुणाच्याही घरी गेले की आधी कॉलमला भेटतात, मग माणसांना. चप्पल काढायच्या आधी बोटाच्या पेरानं टकटक करतात, कान लावून ऐकतात आणि विचारतात, "काय, बरंय ना?" हे कॉलमला असतं की आम्हाला, ते अजून कुणालाच कळलेलं नाही.

काका आमचे शेजारी. जन्मभर इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन केलं. आम्ही राहतो ती चार मजली इमारतही त्यांचीच. तिच्यात काँक्रीटची भिंत एकही नाही. सगळा भार कॉलम आणि बीमच्या सांगाड्यावर. विटांच्या भिंतींना काका 'पडदे' म्हणतात. "पडदा फाटला तर फाटू द्या. सांधा बघा, सांधा!" बीम जिथं कॉलमला मिळतो, त्या सांध्यावर त्यांचा लई जीव.

माझ्या बहिणीसाठी मुलाचं घर बघायला त्यांना नेलं. मुलाचे वडील मुलाचं कौतुक सांगत होते आणि काका छताकडं बघत होते. "वरचा कॉलम खाली कुठं गेला हो?"

"हॉल मोठा दिसावा म्हणून गाळला."

काका उठलेच. चहासुद्धा घेतला नाही. स्थळ अर्थातच मोडलं. "पोरगी वाचली," रिक्षात काका खुशीत म्हणाले.

मग आमच्या सेक्रेटरींनी, जाधवसाहेबांनी, मोठी गाडी घेतली. ती पार्किंगमध्ये वळेना, म्हणून कॉलमचा कोपरा तासायला त्यांनी गवंडी बोलावला. काका खुर्ची घेऊन कॉलमला टेकून बसले.

"काका, चारच बोटं तासायचीत."

"तुमच्या पायाची तासू?"

काकांचं जेवण तिथंच झालं. गवंडीही त्यांच्याच डब्यात जेवला आणि हत्यारं गुंडाळून निघून गेला. गाडी अजून रस्त्यावरच उभी असते.

एका दुपारी भूकंपाचा हलका धक्का बसला. भांडी वाजली, पंखे डुलले, सगळी इमारत खाली मैदानात. काका तेवढे दिसेनात. मी वर धावलो. चौथ्या मजल्यावर सायराआपा राहतात. उर्दू शाळेतल्या रिटायर्ड बाई, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची मुलगी नोकरीवर गेलेली. काका पलंगाशी खुर्ची ओढून बसले होते.

"आपा, चादरीत घेऊन खाली उतरवू का?" मी विचारलं.

"नक्को! कमर दुखती. देशमुखसाब, तुम बी नीचे जाओ ना. गिरी तो?"

"गिरती नहीं, आपा. ये बिल्डिंग झूलती है, इसलिए टिकती है. मेरा हिसाब है."

आपा हसल्या, निवांत झाल्या. मुलगी येईपर्यंत काका तिथून हलले नाहीत.

जिना उतरताना मी म्हणालो, "तुमचा हिशेब म्हटल्यावर काळजीच नाही."

काका मधेच थांबले.

"हिशेब माझा आहे हो," ते हळूच म्हणाले. "पण काँक्रीट ओतलं तेव्हा बिल्डरनं मला बोलावलंच नव्हतं. आत सळई किती घातली, मला काय माहीत? आपांना सांगू नका."