रामटेके काकाचं स्टँडबाय

रामटेके काकाच्या दोन्ही मनगटांवर घडी असते. डावी टाइम पाहाले, उजवी डावीवर नजर ठेवाले. गळ्यात दोन चष्मे लटकून राहतात, दोन्ही एकाच नंबरचे. घरी दोन गॅस, दोन टॉर्च, दोन स्कूटर. दुसरी स्कूटर किक मारून मारून पाय गळला तरी चालू होत नाही, पण भंगारवाला गल्लीत आला की काका तिच्यासमोर जाऊन उभे राहतात. "ते स्टँडबाय हाय," म्हणतात.

उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये तेहतीस वर्षं मेंटेनन्सले होते ना ते. तिथं एक मशीन चालू तर दुसरी तयार ठेवाची म्हणे. नोकरी सुटली, सवय नाही सुटली. माह्या दीदीच्या लग्नात त्यांनी जनरेटरवाल्याले विचारलं, स्टँडबाय कुठी हाय. ते ठीक आहे. मग आचाऱ्याले विचारलं. मग नवरदेवाच्या लहान भावाले वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं अन् बाबांच्या कानात म्हणाले, "हव, इथंबी हाय." बाबाले हसावं का लपावं समजत नव्हतं.

गुढियारीत आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांची अन् आमची भिंत एकच आहे. काकू जाऊन खूप वर्षं झाली. पोरगा बंगलोरले, फोनवर हिंदीत बोलतो. कोणी विचारलं, काका एकटेच राहता का, तर काका चिडतात. "एकटा काहून? दोन कुकर हायत घरात."

आता घंटीचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पंपाचं काही समजणार नाही.

मले अकराव्या वर्षी शुगर निघाली. टाइप वन. गोड खाऊन होते म्हणतात ती नाही, शरीर इन्सुलिनच बनवत नाही ती. खायच्या आधी दरवेळी सुई. मी सुईच्या टायमाले पळून जायची. कधी गच्चीवर, कधी टाकीमागं, एकदा तर काकाच्याच बंद स्कूटरच्या मागं. आई रडकुंडीले यायची. त्या स्कूटरवाल्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी काकानं कुठून तरी लोखंडी रेल्वेपट्टीचा हातभर तुकडा आणला अन् अंगणातल्या जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाले टांगला. मले बोलावून समजावलं की मिलमध्ये फिटर मशीनखाली घुसला की वरचा माणूस बटनाले हात लावत नाही. खालून "क्लियर" असा आवाज आला की मंगच मशीन चालू. तर आजपासून सकाळी आठले अन् संध्याकाळी आठले मी पट्टीवर दोन ठोके मारतो, तू सुई घे अन् भिंतीवरून ओरड, क्लियर.

मले तो खेळ वाटला. मी पळणंच सोडून दिलं. या गोष्टीले अकरा वर्षं झाली. आता मी नोकरी करते, तरी रोज सकाळ-संध्याकाळ ठण ठण वाजते अन् मी ओरडते. आमच्या गल्लीची शाळेची व्हॅन त्या घंटीवर निघते. समोरच्या दीदीचा कुकर त्या घंटीवर चढतो. कोणालेच आता आठवत नाही की ती घंटी माह्या सुईची आहे.

तर मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, पंप लावून बघ. मोबाइलपेक्षा लहान मशीन कमरेले, तिच्यातून एक बारीक नळी पोटाच्या कातडीखाली, इन्सुलिन दिवसभर थोडं थोडं जात राहते. जेवताना बटन दाबायचं. दिवसाच्या चार सुयांऐवजी तीन दिवसांतून एकदा नळी बदलायची. मी म्हणली वा. मग मी विचार करून राहिली अन् विचार करता करता पूर्ण कन्फ्यूज झाली. झोपायचं कसं? आंघोळीले काढायची म्हणजे मध्येच इन्सुलिन बंद? शुगर तपासणं तर सुटतच नाही, मग सुटलं काय? आईले टेन्शन की ड्रेसमधून मशीन दिसली तर पाहायले आलेले लोक काय म्हणतील. पुरानी बस्तीच्या आत्याले वाटलं ऑपरेशन करून पोटात बसवतात, तिनं नवसच बोलून टाकला. बाबा तीन व्हिडिओ पाहून पंपाच्या बाजूनं झाले, चौथा पाहून विरोधात गेले. डॉक्टरले विचारलं तर म्हणाले, निर्णय तुझा. अरे, माझा असता तर तुम्हाले काहून विचारलं असतं?

अन् काका तर सरळ विरोधात. इतके की आठ दिवस त्यांनी दुसरा विषयच काढला नाही. त्यांनी आयुष्यभर पंपच खोलले होते ना. पाण्याचा, तेलाचा, ग्रीसचा, सगळे पंप एकाच जातीचे असतात अन् सगळे सुट्टीच्या दिवशीच चोक होतात, असं त्यांचं मत.

कंपनीची दीदी घरी डेमो द्यायले आली तेव्हा काका दोन्ही चष्मे घेऊन हजर. तिनं मशीन काढली. काकानं ती तळहातावर घेतली, कानाले लावली, हलवून पाहिली. विचारलं, फाउंडेशन कहाँ है? ती म्हणली, अंकल, ये कमर पे क्लिप होता है. काकानं माह्या कमरेकडं असं पाहिलं जसं तिथं सिमेंट कमी पडलंय.

"चोक हुआ तो?"

"अलार्म बजेगा, अंकल."

"और ठीक होने तक पोट्टी क्या करेगी? स्टँडबाय कहाँ है?"

दीदी म्हणली की इन्सुलिनची पेन अन् सुया तर जवळ ठेवाव्याच लागतात, हमेशा. काकानं आमच्याकडं पाहिलं. एक चष्मा काढून दुसरा लावला.

मी अजून कन्फ्यूज. शेवटी डॉक्टर म्हणाले, आठ दिवस लावून बघ, नाही जमलं तर परत कर. शुक्रवारी दवाखान्यात लावली. घरी येऊन काकाले दाखवली तर त्यांनी लांबूनच पाहिली. म्हणाले, आता हिची घंटी हिच्याजवळच हाय. अन् झाडाची पट्टी उतरवून आत घेऊन गेले.

शनिवारी गल्लीत नुसता गोंधळ. व्हॅनवाला हॉर्न मारून राहिला, पोट्टे अजून ब्रश करून राहिले, समोरच्या दीदीचा भात अर्धा कच्चा. मले मात्र मज्जा. सात वाजता भूक लागली, सात वाजता चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, खाल्ला, बटन दाबलं, संपलं. रात्री नऊले जेवली. पहिल्यांदाच असं वाटलं की माझं पोट माझं आहे. मी ठरवूनच टाकलं, पंप पक्का.

रविवारी सकाळी आई-बाबा आत्याकडं गेले. नेहमीच्या सवयीनं माझी एकुलती पेन आईच्या पर्समध्येच राहिली, म्हणजे स्टँडबाय पुरानी बस्तीत अन् मी गुढियारीत. मी उशिरा उठून चहा अन् तीन चीले हाणले, बटन दाबलं. अन् साडेदहाले मशीन ओरडायले लागली. नळी चोक. नवीन नळी घाईघाईत लावायले घेतली तर ती टोचायची सुईच वाकडी झाली, अन् ती शेवटची होती. शुगर पाहिली तर तीनशेच्या वर, परत पाहिली तर अजून वर. मशीन ओरडून राहिली, मी तिच्यावर ओरडून राहिली, आईचा फोन लागत नाही. मी तशीच चप्पल न घालता काकाकडं.

मले वाटलं आता मले ऐकावं लागते. सांगितलं होतं ना, वगैरे. काका खुर्चीत बसले होते. मशीनचा आवाज ऐकला, माह्या तोंडाकडं पाहिलं अन् उठून फ्रीज उघडला. अंडे ठेवायच्या जागी एक स्टीलचा डबा. त्यात माह्याच इन्सुलिनची पेन. सीलबंद. सुयांची पुडी. अन् डब्याच्या झाकणाले चिकटवलेला कागद, त्यावर मिलच्या रजिस्टरसारख्या ओळी: आणली, तारीख संपली, बदलली. आणली, संपली, बदलली. वरच्या ओळींची शाई उडून गेली होती. पहिली ओळ ज्या वर्षाची होती त्या वर्षी मी सहावीत होती.

काकाले शुगर नाही. त्यांच्या घरात कोणालेच नाही.

मी डॉक्टरले फोन लावला, त्यांनी जितकं सांगितलं तितकं घेतलं. मग तिथंच खाली बसून राहिली. मशीनचा आवाज मी बंद केला तेव्हा काकानं ती पहिल्यांदा नीट हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली.

"चोक झाली अन् सांगितलं हिनं," काका म्हणाले. "गुपचूप नाही बसली. इमानदार मशीन हाय. ठेव हे."

"तुम्ही तर नको म्हणत होते."

काकानं मशीन माह्या हातात परत दिली. तेव्हा माझं लक्ष टेबलाकडं गेलं. एक ताट, त्यावर दुसरं ताट उलटं झाकलेलं. मी झाकण उचललं. पोहे. वरची कोथिंबीर काळी पडलेली.

"काका, हे आजचे आहेत ना? अकरा वाजून राहिले. तुम्ही खाल्लं काहून नाही?"

ते घडी पाहायले लागले. डावी, मग उजवी.

"क्लियर कुठी आला?" म्हणाले. अन् मग, "कालबी नाही आला. काल दुपारी खाऊन टाकलं मंग."

मी तिथंच, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहून, भिंतीवरून ओरडते तसं जोरात ओरडली, क्लियर. काका दचकले. मग खुर्ची ओढून बसले अन् ते थंड पोहे खायले लागले, खाली मान घालून.

पंप मी ठेवला. बाबा पाचवा व्हिडिओ पाहून परत बाजूनं आले आहेत. पट्टी मी स्वतः जामाच्या झाडाले परत टांगली अन् काकाले सांगितलं की मशीन आली तरी तिची नळी रोज तपासावी लागते, तर टाइम तोच राहू द्या. काकानं विचार करून मंजुरी दिली.

सोमवारी आठले ठण ठण वाजलं. व्हॅन निघाली. मी नळी पाहिली, शुगर पाहिली, ओरडली अन् पहिल्यांदाच ओरडून झाल्यावर तिथंच थांबली, भिंतीले कान लावून. पलीकडून ताटावरचं ताट उचलल्याचा आवाज आला.

अकरा वर्षं हा आवाज येतच असेल.