सावरीच्या कापसाचं इंग्रजी

"स्पिल ओव्हर... स्पिल अबाउट... की आउट?" गुरुदत्तपंतांनी कागदावर बोट ठेवून डोळे मिटले. उघडून पाहतात तो बोट भलत्याच ओळीवर. त्यांनी तेच बोट कपाळाला लावलं.

कोपरीच्या त्या घरात आठ दिवस हीच संथा चालली होती. मंदाकिनीबाई माजघराच्या उंबऱ्याशी बसून सावरीची बोंडं सोलत होत्या. सोललेला कापूस टोपलीत, टोपलीवर ओलं फडकं. सावरीचा कापूस म्हणजे वाऱ्याचा भाचा. मामा दारात आला की पोर घरात ठरायचं नाही.

त्या कापसाची एवढीशी गादी व्हायची होती. त्यांची एकुलती एक लेक सरोज बाळकुमला दिली होती. तिला सातवा सरला होता आणि पुढच्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पण माहेर ठाण्यात राहिलं तर! पंत कचेरीत कारकून, मोडीतले वाघ. त्यांचं लपेटीदार अक्षर पाहून जुने मामलेदार मान डोलवायचे. आता नवा साहेब आला होता, आणि कारकुनांची तोंडी इंग्रजी परीक्षा घेणार होता. नापास होईल त्याची बदली मोखाड्याला. मोखाडं म्हणजे डोंगर, जंगल आणि हिवताप. तिथे अवघडलेल्या पोरीला कशी न्यायची? आणि नाही न्यायची, तर तिच्या उशाशी कोण बसणार?

कल्याणचा भाचा प्रभाकर मॅट्रिक झालेला. त्याने मामाला कागद लिहून दिला होता. "मामा, सांडणं, पसरणं, उधळणं, यांची ही अकरा क्रियापदं पाठ करा. साहेबांच्या क्रियापदाला शेपूट असतं. शेपूट चुकलं की जनावर बदलतं, एवढं ध्यानात ठेवा."

"अगं, आपल्याकडे सांडलं म्हणजे सांडलं," पंत कळवळून म्हणाले. "यांच्यात सांडून कुठं गेलं तेसुद्धा क्रियापदानंच सांगायचं!"

"बरं आहे की. आपल्याकडे आधी कुणी सांडलं ते विचारतात."

"तुला चेष्टा सुचते. परीक्षा उद्यावर आली."

मंदाकिनीबाईंनी हातातलं बोंड खाली ठेवलं. "मला शेकड्यानं ओव्या येतात, त्या काय कागदावरून? हात चालला की तोंड चालतं. एकेक करून बघा, डोक्यात राहील."

पंतांनी आधी घोंगडी अंथरली. "स्प्रेड आउट!" शेपूट जागेवर बसलं. मग बाईंनी त्यांच्या ओंजळीत नाचणी दिली. पंतांनी चार दाणे टाकले.

"लग्नात अक्षता टाकताय का? उधळा की!"

पंतांनी उधळली. नाचणी ओसरीवर गेली, अंगणात गेली, तुळशीपाशी गेली. "स्कॅटर अबाउट!" पंत ओरडले, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा हसले. ते हसू बघून बाईंनी भरल्या तांब्यात आणखी पाणी ओतलं. पाणी काठावरून वाहिलं, पंतांचा अंगरखा भिजला. "स्पिल ओव्हर!" तेवढ्यात चुलीवरचं दूध फसफसून वर आलं.

"बॉइल ओव्हर! बॉइल ओव्हर!" पंत चुलीपुढे टाळ्या वाजवत उभे राहिले.

"अहो, उतरवा ते!"

"थांब गं, पाठ होतंय!"

बाई धावल्या. धावताना टोपलीवरचं फडकं पदराबरोबर निघून आलं. तिकडे नाचणीचा माग काढत शेजारच्या रखमाबाईच्या पाच कोंबड्या अंगणातून ओसरीवर आणि ओसरीवरून थेट माजघरात आल्या. पंत "हुश्श!" म्हणून धावले. चार कोंबड्या पळाल्या. पाचवी टोपलीत पडली आणि घाबरून पंख फडफडवू लागली.

मग काय विचारता! कापूस आढ्याला गेला, देव्हाऱ्यात गेला, सांडलेल्या दुधावर तरंगला. खिडकीतून गल्लीत गेला. घरभर पांढरं पांढरं उडत होतं, आणि मधोमध पंत हात पसरून म्हणत होते, "फ्लाय अबाउट! मंदा, हे तर न वाचता आलं!"

बाईंना रडावं की हसावं कळेना. महिनाभराची सोलणी गल्लीत उडत चालली होती.

"काय गो बाय, यो काय झाला?" रखमाबाई कोंबड्या शोधत दारात आली. "माजी कोंबरी म्हातारी झाली का काय, पांडरी कशी दिसतं?"

उत्तर द्यायला सवड मिळाली नाही. कचेरीतला शिपाई काळुराम धापा टाकत आला. "पंत, चला! साहेब उद्या भिवंडीला निघाले. परीक्षा आत्ता, बंगल्यावर!"

पंतांनी कागद शोधला. तो दुधात पडला होता, आणि अकराही क्रियापदांची शाई एकमेकांत मिसळली होती. अंगरखा ओला, त्याला कापूस चिकटलेला. बाईंनी दोन्ही हातांनी झटकला तसा तो जास्तच चिकटला.

"राहू दे," पंत हळूच म्हणाले. "तू सरोजची काळजी करू नको." आणि ते गेले. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांच्या पाठीमागून कापसाचे पुंजके उडत होते.

मंदाकिनीबाई खाली बसून पुंजके वेचू लागल्या. रखमाबाईही बसली. "नातवाच्या गादीला माजे घरचा कापूस देतंय, रडू नको," ती म्हणाली.

ऊन कलता कलता काळुराम आधी पळत आला. "बाई, पास! साहेबानं विचारलं, हे अंगावर काय? पंतांनी सगळी हकिकत इंग्रजीत सांगितली. नाचणी उधळून दाखवली, दूध उतू घालवून दाखवलं, कोंबडीसुद्धा झाले! साहेब खुर्चीत मागं रेलून हसला. दारातून बघितलं मी!"

बाईंनी त्याच्या हातावर गूळ ठेवला, रखमाबाईच्या ठेवला.

पंत मात्र सावकाश आले. येऊन घोंगडीवर बसले.

"पास झालात ना?"

"झालो. साहेब म्हणाले, इतकं इंग्रजी बोलणारा माणूस ठाण्यात काय करतोय? मोखाड्याच्या कचेरीत एकालाही येत नाही. यालाच पाठवा."

"म्हणजे नापास झालात तरी मोखाडं, पास झालात तरी मोखाडं."

"आता मानानं पाठवतायत."

"मान घेऊन काय करू? सरोजचं काय?"

"तेच म्हटलं मी. आयुष्यात पहिल्यांदा साहेबाला 'नो' म्हटलं. पण पुढचं कागदावर नव्हतं. पाळण्याला काय म्हणतात ते येईना, तेव्हा हात असे हलवले." पंतांनी हवेत रिकामा पाळणा झुलवला. "साहेबानं लेखणी खाली ठेवली. मग स्वतःच हात जमिनीपासून इतका वर धरला. त्याची लेक विलायतेत आहे. एवढी होती, तेव्हापासून पाहिली नाही म्हणाला. दोन महिने दिलेत. नातवंडाचं तोंड बघून जायचं."

मंदाकिनीबाईंनी पदरानं डोळे पुसले, आणि डोळ्यांतही कापूस गेला. पंतांनी तो फुंकर घालून काढला. रखमाबाई गालात हसून आपल्या कोंबड्या घेऊन उठली.

मग दोघं वेचायला लागली. आढ्याचा कापूस काठीनं, देव्हाऱ्यातला बोटांनी.

"अहो," बाई थोड्या वेळानं म्हणाल्या, "हे असं गोळा करण्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

पंत विचारात पडले. "ते प्रभाकरनं लिहून दिलं नव्हतं."

"नसू दे," बाईंनी टोपली त्यांच्याकडे सरकवली. "तेवढं आपण मराठीत करू."