पाचवं पातेलं

तात्यासाहेब बिडकीनहून बेल्जियमला निघाले ते एकच वाक्य पाठ करून: "इंद्रजीत, आता घरी ये." वाक्य द्वारकाबाईंचं. गुडघ्यांपायी त्यांना प्रवास जमेना, म्हणून त्यांनी ते नवऱ्याच्या तोंडी दिलं आणि निघताना उंबऱ्यात पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. लेकासाठी वरचा मजला बांधून, रंग देऊन तयार होता. दोन वर्षांत तिथं धुळीशिवाय कुणी राहायला आलं नव्हतं.

दहा दिवस लेक ऑफिसात आणि बाप खिडकीत, असे गेले. शेवटच्या संध्याकाळी इंद्रजीतनं त्यांना समुद्राकाठच्या एका लहानशा हॉटेलात नेलं. पहिला घास पोटात गेला की बोलायचंच, असं तात्यासाहेबांनी ठरवलं.

पुढ्यात काळं पातेलं आलं. झाकण काढलं, तर आत वाफाळलेले शिंपले. लहानपणी गोदावरीच्या वाळूत त्यांनी असले ओंजळीनं वेचले होते, पण ते खायचं कुणाच्या बापाला सुचलं नव्हतं.

"हे खायचं व्हय?"

"आतलं तेवढं खायचं, तात्या." तेवढ्यात इंद्रजीतचा फोन वाजला. "ऑफिसचा हाय. आलोच."

तो बाहेर गेला आणि वाक्य घशातच राहिलं. तात्यासाहेबांनी एक शिंपला उघडून चाखला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लिंबात बुडवावा, तशी चव. पण पानात टाकायचं नाही आणि पुढ्यात आलेल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हे त्यांच्या वडलांनी कान पिळून शिकवलेलं. डोळे मिटून त्यांनी पातेलं संपवलं.

वाढणारी पोरगी हसत आली. "गुड?"

आता वाईट कसं म्हणायचं? "व्हेरी गुड," तात्यासाहेब म्हणाले.

तिनं रिकामं पातेलं नेलं आणि दुसरं भरलेलं आणून ठेवलं. अन्न पुढ्यात आलं म्हटल्यावर तेही संपवणं भाग होतं. पुन्हा "गुड?", पुन्हा "व्हेरी गुड", आणि तिसरं हजर. काचेपलीकडं इंद्रजीत फोनवर हातवारे करीत येरझाऱ्या घालत होता. चौथ्याला तात्यासाहेबांनी पट्टा सैल केला. पाचव्याला शेजारच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या आणि त्या पोरीनं शिंपल्यांच्या ढिगासकट त्यांचा फोटो काढला.

इंद्रजीत परतला तो ढीग बघून थबकलाच. "तात्या, एवढं आवडलं?"

पोरगं हौसेनं जेवायला घेऊन आलेलं. त्याचं मन कसं मोडायचं? "ब्येस हाय," तात्यासाहेब कसंबसं म्हणाले.

दहा दिवसांत पहिल्यांदा लेकाचा चेहरा खुलला. "लई टेन्शन होतं मला. तुम्हाला हितलं काय जमायचं नाय असं वाटलं, म्हणून बोलत नव्हतो. हितं घर घेतलंय मी. आता कायमचं हितंच."

तात्यासाहेबांनी तोंड उघडलं. वाक्य आलंच नाही, शिंपल्यांची ढेकर तेवढी आली.

गाडीत इंद्रजीत हसत म्हणाला, "पोट भरलं की हितं थोडं मागं ठेवायचं असतं, तात्या. एकाच पैशात हवं तेवढं वाढत्यात, रिकामं दिसलं की ते आणतच राहत्यात." आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला, असं तात्यासाहेबांना वाटलं, पण बोलण्याइतकी जागाच पोटात उरली नव्हती.

इंद्रजीतनं त्या पोरीकडून घेऊन आईला धाडलेला फोटो बिडकीनला त्यांच्या आधी पोचला होता.

"मी हितं देवापुढं दिवा लावून बसले," द्वारकाबाई भाकरी वाढत म्हणाल्या, "अन् तुम्ही तिथं शिंपले चोखीत बसलात. एक वाक्य बोलता आलं नाय."

तात्यासाहेब खाली मान घालून जेवले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पाव भाकरी ताटात ठेवली आणि ताट बाजूला सारलं.

"हे काय?"

"पोट भरलं की तिकडं थोडं मागं ठेवत्यात."

द्वारकाबाई त्या तुकड्याकडं बघत राहिल्या. "व्हय," त्या म्हणाल्या, "पोरानं आपल्याला मागं ठेवलंय की."

तात्यासाहेबांनी ताट परत जवळ ओढलं आणि उरलेला तुकडा खाऊन टाकला.