तीन पॉइंटांचा मतदार

रविवारी दुपारी गजेंद्रमामा जेवायला आले, तेव्हा ललित लॅपटॉपसमोर बसून इंग्लंडमधल्या एका गोलकीपरच्या खांद्याची काळजी करत होता.

“कोन आजारी हाये?” मामांनी चपला काढता काढता विचारलं.

“कोनी नाही, मामा,” प्राजक्ता स्वयंपाकघरातून म्हणाली. “त्यायचा फुटबॉल चालू हाये.”

ललितने आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता. अमरावतीतल्या एका पीकविम्याच्या कचेरीत तो आकडेमोडीचं काम करायचा आणि घरी आला की मोबाइलवर फँटसी फुटबॉल खेळायचा. त्यात आपण घरबसल्या संघ निवडायचा. ते खेळाडू खऱ्या मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. कचेरीतल्या चौदा जणांत ललित सलग तीन वर्षं पहिला आला होता. बाकीचे लोक आवडता खेळाडू घ्यायचे. ललित नाव झाकून ठेवायचा आणि गेल्या पाच सामन्यांचे आकडे बघायचा.

मामांनी हे सगळं वरण-भाताबरोबर ऐकून घेतलं आणि हात वाळेपर्यंत विचार केला. प्राजक्ताचे हे सख्खे मामा वलगावच्या पुढे टाकळी नावाच्या गावात पक्षाचं काम बघत. लोकसभेचं मतदान तीन आठवड्यांवर आलं होतं.

“जवाईबापू, आपल्या गावात दरवेळी शंभर-दीडशेची लीड भेटते मले. यावेळी तीनशेची दाखोली, तं झेडपीचं तिकीट आपलं. सायबानं सोता सांगतलं. तुमच्या ह्या गोलकीपरवानी आमच्या कार्यकर्त्यायचं काही करता येते का?”

“का नाही?” ललित म्हणाला. “माणसं तीच, फक्त चड्डी लांब.”

आठ दिवसांत त्याने मामांकडून गेल्या तीन निवडणुकांच्या खुणा केलेल्या मतदारयाद्या मागवल्या. कोण मतदानाला आला, कोण नाही, सगळं त्यात होतं. गावात अठराशे चाळीस मतदार. मतदान व्हायचं अठ्ठावन्न टक्के. ललितने आलेख काढला आणि मामांना फोन लावला.

“मामा, सरळ हिशोब आहे. अठ्ठावन्न टक्क्यांना एकशेचाळीसची लीड मिळते. मतदान जितकं वाढेल, तितकी लीड वाढेल. म्हणजे जे घरी बसतात त्यांना उठवायचं.”

मग त्याने अठरा कार्यकर्त्यांचा तक्ता केला. प्रत्येकाचा फॉर्म, दम आणि शेरा. हा तक्ता फक्त मामांसाठी होता. मामांनी तो उघडला, पहिल्या पानावरचा पक्षाचा रंग बघून खूश झाले आणि न वाचताच गावाच्या ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत टाकळी पेटली. बुधाजी: फॉर्म घसरलेला, बाकावर बसवा. सत्तारभाई: बोलणं जास्त, धाव कमी. मोनाली: कॅप्टन करावं. आणि सगळ्यात शेवटी, गजेंद्रमामा: किंमत जास्त, पॉइंट कमी, विकून टाका.

“मले इकाले काढलं तुमी?” मामा फोनवर ओरडले.

“मामा, ती खेळातली भाषा आहे. पण ग्रुपवर टाकायला कोणी सांगितलं होतं?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बुधाजी स्वतः अमरावतीत येऊन दारात उभे राहिले. साठी उलटलेली, उपरणं खांद्यावर, हातात मोबाइल. प्राजक्ताने पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही.

“मले बाकावर बसवा म्हनलं तुमी. मी तं रोज पारापाशी बाकावरच बसतो. त्याच्यात लेहाचं काय होतं?”

ललितने त्यांना शांतपणे समजावलं. बाकावर म्हणजे राखीव. पॉइंट मिळवले की मैदानात.

“पॉइंट कसे भेटते?”

ललितला हा प्रश्न फार आवडला. त्याने तिथेच नियम बांधून दिले. मतदार मतदान केंद्रापर्यंत आणला की एक पॉइंट. म्हातारा असेल तर दोन. आणि गेल्या तिन्ही निवडणुकांत एकदाही फिरकला नाही असा मतदार आणला, तर तीन.

“तीन?” बुधाजींनी आता पाणी घेतलं. “अशा मानसायची यादी द्या मले.”

बुधाजींना दिली म्हणून सगळ्यांनाच द्यावी लागली. ललित रोज संध्याकाळी ग्रुपवर क्रमवारी टाकू लागला: कोण किती घरी गेला, कोणाला किती जणांनी येतो म्हणून सांगितलं. टाकळीत चहाच्या टपरीवर दुसरा विषय राहिला नाही. कृषी केंद्र चालवणारे सत्तारभाई दुकान भावावर सोडून यादी घेऊन फिरू लागले. त्यांचा रोज फोन यायचा.

“जवाईबापू, देखो, मी कमी बोलून राहिलो आता. एका घरी फक्त पाच मिनिट. पन मोनाली माह्या पुढं काहून हाये?”

“ती तीन मिनिटांत उरकते, सत्तारभाई.”

मतदानाच्या दिवशी पारा त्रेचाळीसवर होता. अशा उन्हात टाकळीत कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. पण सकाळपासून शाळेपुढे रांग लागली. बुधाजी छत्री धरून एकेकाला आणत होते, सत्तारभाई बर्फाचं पाणी पाजत होते, मोनाली बचत गटाच्या बायांची फळी करून चालली होती. ललित घरी लॅपटॉपपुढे बसून आकडे भरत होता आणि मधूनच टाळी वाजवत होता.

दोन वाजता मामांचा फोन आला. आवाज दबका होता.

“जवाईबापू, हे कोन लोक आनून राहिले आपले पोरं? खालच्या आळीतले दिसते. थे तं पुंजारामचे मानसं हायेत.”

पुंजाराम म्हणजे गावातला विरोधी पक्षाचा पुढारी. तो कितीही ओरडला तरी त्याचे लोक मतदानाला उठत नसत. गाव मामांचंच आहे, मग ऊन कशाला खायचं, असं त्याच्या लोकांचं म्हणणं असे.

“मामा, भावनेच्या आहारी जाऊ नका. एकाहत्तर टक्के झालंय. आकडे बघा.”

“अरे पन पुंजाराम तिकडं खुर्ची टाकून बसला हाये, अन् हासून राहिला!”

“हसू द्या. त्याला आलेख कळत नाही.”

मामांनी धावत जाऊन बुधाजींना अडवलं. बुधाजींच्या हाताला तेव्हा खालच्या आळीतली एक म्हातारी होती.

“बुधाजी, हे आपल्याले मत देईन काय?”

“थे मले नाही मालूम. पॉइंट मानसाले हाये, मताले नाही. सरका, सत्तारभाई पुढं चालला.”

संध्याकाळी टाकळीत चौऱ्याऐंशी टक्के मतदान झालं. बुधाजी शहाण्णव पॉइंट घेऊन पहिले आले. त्यांनी बत्तीस माणसं अशी आणली होती, ज्यांनी यापूर्वी मतदान केंद्राचं तोंड पाहिलं नव्हतं. ललितचा अंदाज ब्याऐंशी टक्क्यांचा होता. दोनच टक्के चूक! त्याने कचेरीत पेढे वाटले.

जूनमध्ये मतमोजणी झाली. टाकळीत एकशेचाळीसची लीड तर गेलीच, मामांचा पक्ष एकशेएकवीस मतांनी मागे राहिला. जे घरी बसत होते ते कोणाचे होते, हे त्या दिवशी आलेख सोडून सगळ्यांना कळलं. मामांनी प्राजक्ताला फोन करून तेवढा आकडा सांगितला आणि ठेवून दिला. झेडपीच्या तिकिटाचं नाव कोणी काढलं नाही.

“आता तरी बंद करा थे,” प्राजक्ता म्हणाली.

“मॉडेल बरोबर होतं,” ललित म्हणाला. “मी मतदानाचा अंदाज केला होता, मताचा नाही.”

त्याच आठवड्यात रविवारी बेल वाजली. दारात पांढऱ्या सदऱ्यातला एक सावळा, जाड मिशांचा माणूस होता. त्याने आंब्यांची पेटी आत ठेवली आणि हात जोडले.

“मी पुंजाराम, टाकळीचा. तुमच्या तक्त्याची लय तारीफ आयकली. दोन इलेक्शन मी घसा फोडला, आमची आळी उठली नाही. तुमी इथं बसल्या बसल्या उठोली.”

ललितची मान ताठ झाली. त्याने लगेच लॅपटॉप पुढे ओढला.

“बसा ना. झेडपीच्या निवडणुकीला वेळ आहे अजून. पण स्पष्ट सांगतो, मामांच्या विरोधात काम करणं मला जरा…”

“नाही नाही, जवाईबापू!” पुंजारामने घाईघाईने त्याचा हात धरला. “माह्यासाठी नका करू. तुमी मामाचंच काम सोडू नका, एवढंच सांगाले आलो होतो.”