हौसाला उचलायचं ॲप

हौसा सर्जेराव भावजींच्या अंगावर आडवी पडली होती, भावजी तिच्याखाली उताणे होते, आणि स्टुलावरचा मोबाईल म्हणत होता, "उत्तम! तुम्ही हे करू शकता! आणखी एकदा!"

मी भिंतीपलीकडची शेजारीण. धप्प आवाज ऐकून धावत गेले, म्हणजे माझे गुडघे धावू देतात तेवढी. आधी मोबाईल बंद करावा म्हटलं, तर घाईत कुठे दाबायचं ते सुचेना. उशीखाली कोंबला. तो उशीखालूनही शाबासकी देत राहिला.

"वैनी," भावजी खालून म्हणाले, "हिला लागलंय का बघा."

"मला काय धाड भरलीय," हौसा वरून म्हणाली. "ह्यांना बघा. ह्ये हलंना झाल्यात."

आता हा माणूस कोण, आणि सत्तरी उलटल्यावर मोबाईल लावून बायको का उचलत होता, ते सांगते.

कोपरखैरण्याच्या आमच्या गल्लीत सगळी माथाड्यांची घरं. खोली, वर पोटमाळा, आणि दोन घरांत मिळून एक भिंत. पलीकडे कुणी खोकलं की इकडे आपण पाणी द्यायला उठतो. माझे मालक आणि सर्जेराव भावजी मार्केटात एकाच टोळीत होते, दोघे साताऱ्याकडचे. मालक गेले. भावजी राहिले. जन्मभर त्यांनी साखर, तांदूळ, कांदा पाठीवर वाहिला. मान आखूड, पाठ दारासारखी रुंद. असा माणूस एक दिवस बनियन घालून, खांद्यावर टॉवेलची घडी टाकून मोबाईलपुढे उभा राहिला आणि त्यातल्या एका गोऱ्या पोरसवद्याचं ऐकून हात वर, हात खाली करायला लागला. गल्ली म्हणाली, म्हाताऱ्याच्या डोक्यात वारं गेलं.

डोक्यात नव्हतं गेलं. हौसाच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू गेली, जीभ राहिली. तिला उठवा-बसवायला एक बाई ठेवली होती, ती हौसाच्या शिव्या खाऊन पळाली. दुसरीही पळाली. मग सुनंदा, त्यांची एकुलती मुलगी, खांदेश्वरहून आली.

"आप्पा, तुमच्याच्यानं आई उचलत नाय. मी तिला माझ्याकडे नेते. तुमी गावाला काकांकडे जावा. दोघांना ठेवायला माझ्या घरात जागा नाय, टेन्शन आहे ते तुमाला माहितेय."

"उचलतो की मी."

"काय उचलता? चादरीला धरून ओढता तिला. पाठ सोलली तिची. एकट्यानं खाटेवरून उचलून खुर्चीत बसवून दाखवा, मी परत नाय बोलणार. संक्रांतीला येते."

सुनंदा वाईट नाही. ती बोलली ते खरं होतं.

तुम्ही म्हणाल, जन्मभर पोती वाहिलेल्या माणसाला बायको उचलेना? गल्लीतल्या सुनाही हेच विचारून हसायच्या. पण माथाडी पोतं उचलत नाही. दोघे जण दोन टोकांना धरून पोतं वर घेतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर देतात. तिसरा ते घेऊन चालतो. सर्जेराव भावजी जन्मभर तिसरे. पाठीवर दिलेलं घेऊन ते अजूनही गल्लीच्या टोकापर्यंत जातील. रेशनच्या गव्हाचं पोतं दोघांनी दिल्यावर मी त्यांना जाताना पाहिलंय, विडी मागायला वाटेत थांबलेसुद्धा. तेच पोतं जमिनीवरून एकट्याने उचला म्हटलं तर ते भोवती फिरायचे, कुणाच्या तरी घरात शिरलेल्या म्हशीभोवती फिरावं तसे.

हौसाला मालिश करायला एक मुलगी यायची, शिकलेली. ती म्हणाली, "काका, पाठीतून नाही, मांड्यांतून उचलायचं. घरच्या घरी करायचे व्यायाम असतात, एखादं ॲप घ्या." ती गेली आपल्या घरी. ॲप आमच्या नशिबी आलं.

भावजींना वाचता येत नाही. मी चौथी शिकलेली. रोज संध्याकाळी ते मोबाईल घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. "वैनी, माल दाखवा." मी वाचायची. पोत्यातलं चिमूटभर धान्य तळहातावर घेऊन बघावं तसं ते ॲप थोडंसं बघायचे आणि म्हणायचे, "हलका माल. टाका परत." की गेलं.

एका ॲपने आत शिरण्याआधीच विचारलं, तुमचं ध्येय काय? मी वाचून दाखवलं. "पोट सपाट करणे. वजन घटवणे. दंड पिळदार करणे. लग्नसराईसाठी तयारी."

"बायको उचलणे हाय का बघा."

"नाही."

"नीट बघा, खाली आसंल."

"खाली 'इतर' आहे."

"मग इतर दाबा." दाबलं. त्याने पोट सपाट करायला घेतलं.

दुसरं मराठीत होतं. ते कुणी लिहिलं होतं देव जाणे. "आपला गाभा गुंतवून ठेवा," त्यातली बाई म्हणाली.

"गाभा म्हंजे काय वैनी?"

"केळीचा असतो. माणसाचा मला ठाऊक नाही."

"मग हिला कसा ठाऊक?" असं म्हणून त्यांनी तेही परत गाडीत टाकलं.

तिसरं तर कॅमेऱ्यातून बघणारं निघालं. "कृपया पूर्ण शरीर दिसू द्या." भावजी मागे सरकले. भिंत आली. "पूर्ण शरीर दिसू द्या." मोबाईल हौसाच्या उशापाशी ठेवून ते दाराबाहेर गेले. "आणखी मागे." शेवटी म्हातारा गटाराच्या फरशीवर उभा राहून उठाबशा काढतोय आणि मोबाईल घरात. मी कचऱ्याची बादली घेऊन मधून गेले, तर ते मलाच म्हणालं, "छान! पाठ सरळ ठेवा!"

हौसा खाटेवरून ओरडली, "वैनी, तुमचं लगीन लावून देतंय बगा त्ये आता! ह्यो माजा मेला तर माकड झाला."

"गप गं. तुझ्यासाठीच चाललंय."

"माज्यासाटी हाय तर दाराबाहेर का नाचताय?"

एका ॲपवर मात्र त्यांची चांगली आठवडाभर मर्जी बसली होती. मग एका सकाळी ते म्हणालं, आज विश्रांतीचा दिवस. भावजी भडकले. "इश्रांती? हिला मुतायला इश्रांती हाय का?" ते मोबाईलला बोलत होते, उत्तर यायची वाटही बघत होते.

संक्रांत जवळ आली तशी मला त्यांची कीव येईना, रागच यायला लागला. मी सरळ म्हटलं, "भावजी, हे खूळ पुरे. मी आणि समोरची अशा दोघी दोन्ही बाजूंनी धरतो आणि हौसाला तुमच्या पाठीवर देतो. तुम्ही न्या खुर्चीत. जन्मभर तेच केलंत."

"सुनंदा एकट्यानं म्हनलीय."

"सुनंदा रोज बघायला येते काय?"

"त्ये न्हाई वैनी." भावजी म्हणाले, "पाठीवरच्या मालाचं त्वांड दिसत न्हाई. हिला दुखलं तर मला कळायचं कसं?"

मी आत जाऊन भाकरी थापल्या.

शेवटी एक ॲप पास झालं. म्हाताऱ्यांसाठीचं. त्यातली बाई खुर्चीवरून उठायला आणि बसायला शिकवायची, फार ओरडायची नाही, फक्त शाबासकी जास्त द्यायची. भावजींनी निम्मं पोतं गहू घेऊन तालीम सुरू केली. खाली बसायचं, पोट आत, पोतं छातीशी, मांड्यांतून वर. भिंतीपलीकडून मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. एके दिवशी ते पोतं छातीशी धरून माझ्या दारात आले. चेहरा लाल, मिशा ओल्या. दाखवून परत गेले.

संक्रांतीच्या सकाळी, सुनंदा यायच्या आधी, त्यांना एकदा करून बघायचं होतं.

पुढचं हौसाने मला नंतर सांगितलं. त्यांनी तिला उचललं. खरंच उचललं, छातीशी धरून, तोंडासमोर तोंड. "मला म्हनले, हौसे, दुकतंय का? मी म्हनलं, न्हाई. मग हासले." खाटेवरून खुर्चीकडे नेताना मधेच त्यांच्या गुडघ्याने दगा दिला.

मार्केटात एक शिस्त असते. पोतं सुटलं की बाजूला व्हायचं. पोतं शेटचं, कंबर आपली. टोळीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला हे भावजीच शिकवायचे. माझ्या मालकांना त्यांनीच शिकवलं. म्हणूनच एवढ्या वर्षांत त्यांना स्वतःला कधी प्लास्टर लागलं नाही.

"मी म्हनलं, सोडा मला," हौसा सांगत होती. "आवो सोडा. तर ह्यांनी अंग फिरवलं आनि पाठ खाली घातली."

ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरत नाही. चौघांनी त्यांना चादरीत घालून रस्त्यापर्यंत नेलं. तेवढ्यात सुनंदा तिळाचे लाडू घेऊन समोरून आली. ती रडायला लागायच्या आत भावजी चादरीतून म्हणाले, "उचलली व्हती मी तिला. वैनींना इचार."

मी पाहिलं नव्हतं. मला तर नुसता धप्प आवाज ऐकू आला होता.

"उचलली होती," मी म्हटलं. "व्यवस्थित उचलली होती."

"आप्पा, गप पडा ना," सुनंदा म्हणाली आणि त्यांच्या डोक्याखाली हात घातला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. मग पडून पडून छातीत कफ भरला. भावजी काही घरी परत आले नाहीत. हौसाला त्या दिवशी खरचटलंसुद्धा नव्हतं. सुनंदाने तिला खांदेश्वरला नेलं. मी एकदा जाऊन आले. लिफ्ट आहे, खिडकीत ऊन येतं, उचलायला बाई ठेवली आहे. हौसा जेवते. शिव्या देत नाही.

दोघांतली ती वाचली.