दगडफूल पाच तोळे

"नूपुर, हे जरा मोठं कर गं. मिरची लिहिलंय की मिरी, मला कळतच नाही," आनंदा परब लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून सुनेला म्हणाले.

एप्रिलचा दुसरा शनिवार. लालबागमधल्या परबांच्या मसाला कांडपाच्या दुकानासमोर सकाळी दहालाच पंधरा-वीस बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. आत मिरच्या भाजल्या जात होत्या आणि कांडपाच्या धडधडीने भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. प्रत्येक घराचा मसाला वेगळा. कोणाला नागकेशर जास्त, कोणाला बडीशेप अजिबात नको. ही सगळी प्रमाणं पूर्वी आनंदांच्या एका जाडजूड वहीत होती. दोन वर्षांपूर्वी नूपुर सून म्हणून घरात आली, आणि तिने घरातल्या पडून असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स ही हलकी संगणकप्रणाली घालून वही त्यात उतरवली. दुसरं काही त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपलंच नसतं. सासऱ्यांना आधी विश्वास वाटेना. मग एकदा वाटला, तो असा वाटला की मागच्या दिवाळीत त्यांनी वही सरळ रद्दीत घातली.

सीझनसाठी नूपुरने दादरच्या ऑफिसातून रजा काढली होती. अक्षरं मोठी करणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. तिने सेटिंग उघडलं, आकडा निवडला, आणि तेवढ्यात एका बाईची पिशवी फाटली म्हणून ती मिरच्या गोळा करायला धावली.

परत आली तेव्हा पडद्यावर फक्त 'मिर' एवढंच दिसत होतं. 'मि' बशीएवढा आणि 'र' त्याहून मोठा.

"बाबा, याने काही विचारलं का?"

"विचारलं ना. बदल ठेवू का म्हणालं. मी म्हटलं ठेव. बिचारं पोटतिडकीने विचारत होतं, आकडे मोजत होतं."

काहीच उत्तर दिलं नसतं तर वीस सेकंदांत ते आपणहून पूर्ववत झालं असतं, हे नूपुरने सासऱ्यांना सांगितलं नाही. आता सेटिंगचं बटणच पडद्याच्या बाहेर गेलं होतं. मग तिने मोबाईलवर शोधलं. कुठल्याशा परदेशी माणसाने चार वर्षांपूर्वी पडद्याचं माप बदलण्यासाठी लिहिलेल्या आठ ओळी सापडल्या. खाली तिघांनी 'फार उपयोग झाला' असं लिहिलं होतं. नूपुरने नुसत्या कीबोर्डने त्या ओळी एका नव्या फाईलमध्ये जशाच्या तशा टाईप केल्या आणि लॅपटॉप बंद करून चालू केला.

पडदा काळा झाला. डाव्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

"आता 'मिर' पण गेलं," आनंदा म्हणाले.

रांगेत पहिल्या होत्या गंगुबाई सावंत. त्यांच्या मिरच्या भाजून टोपलीत पडल्या होत्या, आणि भाजलेली मिरची थांबत नाही, हवेने सादळते. "काय गो नूपुर, माझो मसालो कधी लावतंस?"

"मावशी, दोन मिनिटं. तुमचं प्रमाण तुम्हाला आठवतं का? सांगता?"

गंगुबाईंनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. "माझ्या सासूचो मसालो आसा तो. चार माणसांत सांगूचो नाय. कानात सांगतंय."

मागे उभ्या असलेल्या काळाचौकीच्या कमळाबाई तांबे म्हणाल्या, "काय ते लवकर सांगा हो. माझ्या सम्यकची चारला दादरहून बस आहे. मसाला घेतल्याशिवाय तो बंगळूरला जायचा नाही."

नूपुरने तोवर ऑफिसातल्या उन्मेषला फोन लावला होता. लिनक्सचं वेड तिला त्यानेच लावलेलं. एका कानाशी फोन आणि दुसऱ्या कानाशी गंगुबाई. धडधडीत दोघांचंही काही ऐकू येईना.

"कंट्रोल, ऑल्ट आणि एफ थ्री," उन्मेष ओरडत होता.

"धणे किती म्हणालात?"

"धणे कुठले? एफ थ्री!"

"बाबा, मशीन बंद करा!" नूपुर किंचाळली.

आनंदांनी खटका खाली ओढला. दुकानात एकाएकी शांतता झाली, आणि त्या शांततेत गंगुबाईंचा जीव तोडून काढलेला आवाज थेट समोरच्या दुकानापर्यंत गेला, "दगडफूल पाच तोळे!"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

"पाच?" कमळाबाई म्हणाल्या. "किलोला पाच? अहो, मसाला काळा पडेल."

"काळो? मालवणाक जाऊन विचारा! माझी नणंद गेल्या वर्षी पहिलो घास खाऊन रडली. म्हणाली, आयेच्या हातचो मसालो!"

"आम्ही अडीच घालतो. सगळे मागून नेतात."

मग रांगच सुटली. कोणी तीन म्हणालं, कोणी दगडफूल आधी तेलावर परतायचं म्हणालं. ज्या बायका वर्षानुवर्षं आपलं प्रमाण पदराखाली धरून येत, त्या आता भर रस्त्यात जायपत्रीवर बोलत होत्या. आनंदा डोक्याला हात लावून बसले.

नूपुरने तीन बटणं एकदम दाबली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि यंत्राने तिचं नाव विचारलं. नाव, पासवर्ड. तिच्या बोटांना मिरचीची पूड लागली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते पुसायची सोय नव्हती.

"तू लिहिलेल्या फाईलचं नाव बदल," उन्मेष शांतपणे सांगू लागला. "पुसू नकोस, नुसतं नाव बदल. मग लॅपटॉप तिला ओळखणार नाही. स्क्रीनच्या सेटिंगची फाईल आहे ना, तिचंही तसंच कर. ती नव्याने तयार होईल. आता रीस्टार्ट."

पडदा पुन्हा काळा झाला. बाबांनी वही रद्दीत घातली ती माझ्या भरवशावर, एवढंच नूपुरच्या मनात येत होतं. मग निळसर उजेड आला. मागोमाग चित्र आलं, आणि यादी उघडली तेव्हा ती अख्खी, सरळ, नेहमीच्या बारीक अक्षरांत समोर होती.

"आलं!" ती ओरडली, आणि अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

"मावशी, ऐका हं. गंगुबाई सावंत. दगडफूल..." तिचा आवाज अडखळला. "अडीच तोळे."

"अडीच?"

कमळाबाई पुढे सरकल्या. "पुढचं वाच गं."

"नागकेशर दोन, बडीशेप नाही, तीळ पाव किलो."

"तीळ? हे तर माझं आहे!"

नूपुरने खालची ओळ पाहिली. कमळाबाई तांबे, दगडफूल पाच तोळे. वहीत समोरासमोरची पानं होती ती. उतरवताना तिने इकडची नावं तिकडच्या आकड्यांना चिकटवली होती. म्हणजे गेली दोन वर्षं गंगुबाई तांब्यांचा मसाला खात होत्या आणि कमळाबाई सावंतांचा.

सासरे काय म्हणतील या भीतीने तिने मान खाली घातली. "बाबा, चूक माझी आहे. मीच चुकीचं भरलं."

आनंदांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांचे डोळे गंगुबाईंवर होते. गंगुबाई टोपलीतली एक मिरची उचलून नुसतीच फिरवत होत्या. नणंद कोणाच्या हातच्या मसाल्याने रडली होती, याचा हिशेब बहुधा आत चालू असावा.

आधी कमळाबाईंना हसू फुटलं. "तरीच! दोन वर्षांपासून आमचा सम्यक म्हणतोय, आई, तुझ्या हाताला आता कुठे चव आलीय."

गंगुबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग ओठांच्या कडा हलल्या. "माझ्या सासून ह्या ऐकल्यान असता तर..." आणि पुढचं त्यांना हसण्यात बोलताच येईना.

"मावशी, लगेच दुरुस्त करते," नूपुर म्हणाली.

"हात लावू नको!" गंगुबाई कडाडल्या. "जा आसा ता ऱ्हवांदे. नणंद मे महिन्यात येतली."

"माझंही राहू दे," कमळाबाई म्हणाल्या. "पोरगं दोन घास जास्त खातंय."

आनंदांनी खटका वर केला आणि कांडप पुन्हा धडधडू लागलं. दोघींच्या मिरच्या एकामागून एक पडल्या, आणि सम्यकची पिशवी बाराच्या आत भरली.

रांगेतली तिसरी बाई पुढे आली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि नूपुरच्या कानाशी वाकून म्हणाली, "आमचा मसाला आठ वर्षं तोच आहे गं. आमचंही एकदा चुकीचं भर ना."