एक प्रश्नकर्ता कमी

हवामान बदलाबाबत नागरिकांना नेहमी पडणाऱ्या प्रश्नांची अधिकृत उत्तरे देण्यासाठी आमच्या कार्यालयात एक खिडकी आहे आणि तिच्यामागे गेली अकरा वर्षे मी आहे. पुस्तिकेत वीस प्रश्न आहेत. वीसही उत्तरे मला तोंडपाठ आहेत. कार्यालयातला एसी सोळावर अडकलेला असल्यामुळे पृथ्वी का तापते, हे मी स्वेटर घालून समजावतो.

एका मंगळवारी खाडीकाठच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई आली. चपला हातात, पाय घोट्यापर्यंत ओले.

"साहेब, पाणी दुसऱ्या पायरीला लागलंय. शिलाई मशीन कधी हलवू?"

मी पुस्तिका उघडली. "प्रश्न सातवा. समुद्राची पातळी वाढते आहे का? उत्तर : होय, हळूहळू."

"हळूहळू म्हणजे या महिन्यात की पुढच्या?"

"तो उपप्रश्न झाला, बाई."

"बरं, हे होतंय कशामुळे, ते तरी सांगा."

"प्रश्न तिसरा. मानवी कृतींमुळे."

"म्हणजे माझ्यामुळे? अहो, माझं मशीन पायानं चालतं!"

"उत्तरात माणसाचा पत्ता दिलेला नाही," मी म्हणालो.

बाईचा चेहरा पडला. मीही काही दगड नाही. मला वाईट वाटले. म्हणून नियम सांगितला. शंभर रहिवाशांनी तोच प्रश्न लेखी विचारला, की तो 'नेहमी पडणारा प्रश्न' ठरतो. मग सात दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि उत्तरासोबत सामान हलवायला ट्रकही पाठवावा लागतो. आमचा ट्रक अकरा वर्षे आवारात उभा आहे. बंद पडू नये म्हणून त्याचे इंजिन रोज तासभर चालू ठेवतात. धूर थेट माझ्या खिडकीत येतो, पण धुराचा प्रश्न पुस्तिकेत नाही.

बाईने दारोदार फिरून चार दिवसांत शंभर अर्ज आणले. मी चाट पडलो. अर्ज पडताळणीला गेले. पडताळणी कारकून शिस्तीचा माणूस. दर अर्जामागे एक घर, दर घरामागे एक फेरी. आठवड्याने यादी आली. नव्व्याण्णव अर्ज मंजूर, एक नामंजूर. शेरा होता : 'पत्ता पाण्याखाली. नोटीस बजावता येत नाही. सबब अर्जदार रहिवासी नाही.'

नामंजूर अर्ज बाईचाच होता. गल्लीत सर्वांत सखल घर तिचे.

"पण प्रश्न तर माझाच आहे!" ती ओरडली. "मशीन खाटेवर ठेवलंय साहेब, खाट विटांवर. आता विटाही संपल्या!"

"कोरड्या पत्त्याचा एक माणूस आणा, लगेच शंभर होतील."

ती वरच्या मजल्यांवर, उंचावरच्या वसाहतीत फिरली. चारच्या सुमारास हात हलवत परत आली. एकाने सांगितले, आमच्याकडे पाणी येत नाही, उलट टाकी रिकामी असते. दुसरा म्हणाला, विषय फार गंभीर आहे, मी त्यावर व्याख्यान देणार आहे. एका काकूंनी बसवून घेतले, सगळे ऐकून हळहळल्या आणि म्हणाल्या, "आपल्याला बाई हा प्रश्नच पडलेला नाही, खोटी सही कशी करू?"

तात्पर्य, ज्यांना प्रश्न पडतो त्यांना पत्ता उरत नाही आणि ज्यांना पत्ता आहे त्यांना प्रश्न पडत नाही. पद्धतीत दोष काढायला जागाच नाही, असे आमच्या वरच्या साहेबांचे मत आहे. मी स्वतः सही केली असती, पण कर्मचाऱ्याला प्रश्न पडण्याची तरतूद नाही.

बाई आत्ता समोरच्या बाकावर बसली आहे. दर पाच मिनिटांनी दाराकडे बघते. उद्या आणखी चार पत्ते बाद होतील, असे कारकून सांगून गेला.

तुम्ही इथवर वाचलेत, म्हणजे निवांत बसला असाल. पाय कोरडे असतील. पत्ता पक्का असेल. खिडकी पाचला बंद होते, अर्ज एका पानाचा आहे, पेन मी देईन.

काय म्हणता? तुमच्या दारात पाणी आले की याल?

तेव्हा येऊ नका. तेव्हा तुमचा अर्ज चालणार नाही.